थोडं थोडं सगळंच, पण कोणाच्या नावावर?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: गोव्याच्या पेडणे तालुक्यात, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटर आत राहणारे एक गृहस्थ. वय ४७. वडिलांच्या वेळेपासूनचं घराखालचं किराणा-जनरल दुकान. वर्षाची विक्री साधारण १६ लाख. दोन वर्षांपूर्वी घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, त्यांचे ९ लाख येतात. त्यातले ६ बुकिंगच्या ॲपवरून, बाकी ओळखीपाळखीने. घरच्यांच्या चार स्कूटर पाहुण्यांना भाड्याने जातात, दीड लाख. म्हापशातला फ्लॅट एका कुटुंबाला राहायला दिलाय, महिना १५ हजार. काजूचं भाट, म्हणजे बाग, आहे. बिया व्यापाऱ्याला, बोंडं भट्टीवाल्याला. त्याच्याकडून येणारी हुर्राक आणि फेणी, म्हणजे काजूची दारू, थोडी घरी, थोडी ‘पाहुण्यांनी मागितली तर’. पत्नी लोणची, आगळ, मसाले करून दुकानात विकते. दुकान तीच सांभाळते. पंचायतीचा परवाना मात्र अजून वडिलांच्या नावावर आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई आहे. भाऊ मस्कतला, बहीण सावंतवाडीला दिलेली. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरतात, पण फक्त दुकानाचं. खर्च वजा जाता सगळं मिळून सहा लाखांच्या आसपास उरतात. भाचा म्हणतो, जीएसटी घेऊन टाका. मित्र म्हणतो, अर्धं बायकोच्या नावावर कर, कर वाचेल. एक एजंट म्हणतो, काही करू नका, आलंच तर बघून घेऊ. गृहस्थ विचारतात: ‘प्रत्येक धंदा एवढासा, मर्यादेच्या खाली. मग मला खरंच काही करायला हवं का? आणि केलं तर नसत्या चौकश्या मागे लागणार नाहीत ना?’

नमस्कार,

‘प्रत्येक धंदा मर्यादेच्या खाली’ असं तुम्ही लिहिलंय. पण मर्यादा धंद्याला नसते, माणसाला असते. नेमकं सांगायचं तर पॅन क्रमांकाला. एका पॅनवर वर्षभरात देशात कुठेही जे विकलं आणि ज्या सेवेचे पैसे घेतले, त्या सगळ्याची जीएसटीचा कायदा बेरीज करतो. तुमच्याच आकड्यांवरून ती मी करून पाहिली. दुकान १६ लाख, खोल्या ९, स्कूटर दीड, फ्लॅटचं भाडं १ लाख ८० हजार. झाले २८ लाख ३० हजार. हातात सहा लाखच उरतात ही गोष्ट इथे कामाची नाही, कारण मोजतात ती उलाढाल.

यावर कोणीतरी तुम्हाला सांगेल की दुकानदाराला ४० लाखांपर्यंत सूट आहे. आहे, पण जो फक्त माल विकतो त्याला. सेवा देणाऱ्याची मर्यादा २० लाख आहे आणि एकाच माणसाकडे माल आणि सेवा दोन्ही असल्या की २० चीच लागते. फ्लॅटचं भाडं ही सेवाच, त्यामुळे तुमची मर्यादा २० वर आली ती खोल्यांच्याही आधी. तेव्हा बेरीज अठराच्या आत होती म्हणून काही बाधलं नाही. खोल्या सुरू झाल्या आणि ती वर गेली. आपल्या किनारपट्टीवर खाली दुकान, वर खोल्या हीच घरोघरची मांडणी आहे, आणि तुमच्यासारखीच समजूत करून बसलेली माणसं मांद्र्यापासून काणकोणपर्यंत सापडतील.

आता बेरजेत काय धरायचं यावर वाद होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. राहायला दिलेल्या फ्लॅटच्या भाड्यावर तुमच्या बाबतीत जीएसटी नाही, तरी ते बेरजेत येतं. ॲपवरून आलेल्या पाहुण्यांचा कर, घरमालक नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर, ॲप चालवणारी कंपनीच भरते. तरी ती रक्कम तुमच्या बेरजेत येते. दुकानातलं दूध, पाव, भाजी करमुक्त, बेरजेत येतं. फेणी तर जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर राज्याचा व्हॅट आणि अबकारी. विकली तर तीही बेरजेत. काजूच्या बियांचं तेवढं निराळं आहे. स्वतःच्या देखरेखीखाली भाट राखणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीपुरती नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणीकृत व्यापारी बिया घेतो तेव्हा कर त्याने भरायचा असतो. तुमच्या बाबतीत बिया धरा किंवा सोडा, २० चा आकडा मागे पडलाच आहे.

भाच्याचं म्हणणं बरोबर म्हणायचं तर एवढ्यावर थांबता येईल. पण मित्राच्या सल्ल्यात मला जास्त रस आहे, कारण तो चुकीच्या कारणासाठी कदाचित बरोबर बोलून गेलाय.

‘बायकोच्या नावावर कर, कर वाचेल.’ कुठला कर? प्राप्तिकर म्हणत असेल तर गोव्यात या युक्तीला अर्थ नाही. पोर्तुगीज काळापासून आलेल्या नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामायिक असते. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यात त्यासाठी खास कलम होतं, ५अ. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, मग ते दुकानाचं असो, भाड्याचं असो की व्याजाचं, नवरा आणि बायको यांच्यात निम्मं निम्मं धरायचं आणि दोघांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवायचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, कलमाचा क्रमांक बदलला, तत्त्व तेच राहिलं. म्हणजे दुकान तुमच्या नावावर असो नाहीतर तिच्या, प्राप्तिकरासाठी त्याचे दोन सारखे भाग आधीच पडलेले आहेत. पुण्यामुंबईचे सल्लागार हे सांगत नाहीत, कारण त्यांना त्याची गरजच पडत नाही. (त्यांच्या व्हिडिओतला गुमास्ता परवानाही इकडे शोधत बसू नका, इथे दुकानाची नोंद १९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली मजूर खात्याकडे होते. आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर गोव्यात नाही.) तुमचं लग्न कुठे नोंदलंय हे पत्रात नाही. पत्नी सीमेपलीकडची असेल आणि नोंदणी महाराष्ट्रात झाली असेल, तर कलम लागू होतं का हे विवाहाचा दाखला दाखवून आधी विचारून घ्या.

इथे तुमच्या पत्रातली सगळ्यात नवलाची गोष्ट येते. तुम्ही खोल्यांचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवत नाही, कर लागेल म्हणून. सगळं मिळून सहा लाख, त्याचे दोन भाग म्हणजे माणशी तीन. २०२५-२६ च्या वर्षासाठी नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्यावर येतो. त्याआधीच्या दोन वर्षांतही ७ लाखांपर्यंत येत होता. ज्या करासाठी लपवाछपवी केलीत तो लागतच नव्हता. आणि लपलंही नाहीच. ॲपवाले तुमच्या पॅनवर किती पैसे दिले ते खात्याला कळवतात. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तुमचं वार्षिक माहितीपत्रक उघडून बघा, बहुतेक तिथे खोल्यांचे आकडे तुमची वाट बघत असतील. यंदापासून सगळं दाखवा आणि पत्नीचंही विवरणपत्र भरायला लागा. मागच्या दोन वर्षांच्या विवरणपत्रांत दुरुस्ती कशी करायची हे सीए ठरवेल.

जीएसटीला मात्र हे निम्मं निम्मं ठाऊक नाही. तिथे पती आणि पत्नी या दोन स्वतंत्र व्यक्ती, दोन पॅन, दोन बेरजा. तेव्हा प्राप्तिकरासाठी नाव कोणाचं याने फरक पडत नाही आणि जीएसटीसाठी त्यानेच सगळा फरक पडतो. मित्राने नेमकं उलटं सांगितलं.

आणि तुम्ही पत्रात अगदी सहज लिहून गेलात: ‘दुकान तीच सांभाळते.’

मग दुकान कोणाचं आहे? मी कायद्याच्या भाषेत विचारतोय. माल कोण मागवतं, पुरवठादाराची बिलं कोणाच्या नावाने येतात, उधारी कोण वसूल करतं, गल्ल्याजवळ चिकटवलेला क्यूआर कोणाच्या खात्याचा, भाव कोण ठरवतं? सकाळी फळी उघडण्यापासून रात्री हिशेब मिटेपर्यंत हे सगळं ती करत असेल आणि फक्त खातं, बिलं नि परवाना तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावाचा असेल, तर कागद खोटे आहेत आणि ते खऱ्याशी जुळवणं ही पळवाट नव्हे. दुकान तिच्या पॅनवर गेलं तर तिची उलाढाल १६ लाख, सगळा माल. तिला ४० ची मर्यादा. फक्त मोबाईल रिचार्जचं कमिशन किंवा कुरिअर घेण्याचे पैसे अशी छोटी सेवा दुकानातून चालत असेल तर तिचीही मर्यादा २० वर येईल, तेवढं बघा. तुमच्याकडे उरतील खोल्या आणि फ्लॅट, म्हणजे १० लाख ८० हजार. (स्कूटर मी वगळल्या, का ते पुढे सांगतो.) दोघेही मर्यादेखाली, आणि खरेपणाने.

उलट, तुम्हीच घाऊक बाजारात जाऊन माल आणता, तुम्हीच पैसे फिरवता आणि ती फक्त दुपारी गल्ल्यावर बसते असं असेल, तर नुसतं नाव बदलणं हा देखावा होईल. अधिकारी बँकेचं खातं आणि बिलं मागतो आणि पाच मिनिटांत ओळखतो. तसं असेल तर सरळ तुमच्या नावावर नोंदणी घ्या आणि नियमित करदाता व्हा. त्यात आभाळ कोसळत नाही. ५ कोटींखालच्या उलाढालीला विवरणपत्र तीन महिन्यांनी एकदा भरता येतं, पैसे मात्र दर महिन्याला भरायचे. दुकानाच्या खरेदीवर भरलेला कर वजा मिळतो. खोलीचा दर रात्रीला ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के आहे, त्यात वजावट मिळत नाही. ओळखीच्या पाहुण्याला दीड हजाराच्या खोलीमागे ७५ रुपये जास्त सांगायला तुम्हाला संकोच वाटणार असेल तर तो तुम्हीच सोसा, पण भरा.

कंपोझिशन योजनेचं, म्हणजे छोट्या धंद्याने उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या सोयीचं, कोणीतरी सुचवेलच, एक टक्का भरा नि मोकळे व्हा. ती तुम्हाला बसत नाही. एक टक्क्याच्या दुकानदाराला सेवा फार थोड्या करता येतात, तुमच्या खोल्या त्यात मावत नाहीत; आणि ॲपवरून खोल्या देणाऱ्याला योजनेचं दार बंदच आहे. एका पॅनवरचा एक धंदा योजनेत आणि दुसरा बाहेर असंही चालत नाही.

यातला कोणताही मार्ग घेतलात तरी मागची दोन वर्षं पुसली जात नाहीत. त्या काळात खरेदी, खातं, सगळं तुमच्या नावावर होतं, म्हणून बेरीज तुमच्याच पॅनवर झाली. धंदा दुसऱ्याच्या नावावर केला की जुनी देणी संपतात असाही समज आहे. ती घेणाऱ्याच्या अंगावरही येतात, म्हणजे तुमच्या पत्नीच्या. तेव्हा आधी मागचं, मग पुढचं. दोन वर्षांचा महिनावार तक्ता करा आणि २० लाखांची रेघ नेमक्या कोणत्या महिन्यात ओलांडली ते शोधा. त्या दिवसापासून ३० दिवसांत नोंदणी करायची होती. तिथपासून कर देणं लागतो, वर वर्षाला १८ टक्के व्याज. ऐकून घाबरू नका. करमुक्त मालावर कर नाही, फ्लॅटवर नाही, आणि ॲपच्या बुकिंगवर कंपनीने आधीच कर भरलेला असणार. तिची मासिक पत्रकं उतरवून ठेवा, तोच तुमचा पुरावा. खरा चटका बसेल तो दुकानातल्या करपात्र मालाचा, कारण त्या काळातल्या खरेदीवरची वजावट मिळणं अवघड आहे. तो आकडा मी इथे बसून सांगू शकत नाही. त्यासाठी सीएच्या टेबलावर बिलं मांडावी लागतील. नोटीस येण्याआधी स्वतःहून कर आणि व्याज भरणाऱ्याची, लपवण्याचा हेतू नसेल तर, दंडातून सुटका होते. नोटीस आल्यावर हीच गोष्ट कितीतरी महाग पडते. मागचं निस्तरायला नोंदणी घ्यावी लागली तरी, पुढे दुकान खरोखरच पत्नीचं झाल्यावर तुमची नोंदणी रद्द करून घेता येईल.

‘कोण विचारतं?’ या प्रश्नाचं उत्तर २०२५ च्या जुलैत शेजारच्या कर्नाटकात मिळालं. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून तिथल्या कर खात्याने छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या. त्यात दूध आणि भाजी विकणारेही होते, ज्यांना कर लागतच नव्हता. पण तसं सिद्ध करत बसणं त्यांच्या नशिबी आलं. तुमच्या क्यूआरवर दुकानाचे पैसे, खोल्यांचे पैसे आणि मस्कतहून भावाने आईच्या औषधासाठी पाठवलेले पैसे एकत्र पडत असतील, तर उद्या ते वेगळे करताना तुमचे डोळे पांढरे होतील. दुकानाला एक खातं, खोल्यांना दुसरं, घराला तिसरं. हे या आठवड्यात करण्यासारखं आहे आणि फुकट आहे.

इथपर्यंत कराचं झालं. परवान्यांचं शास्त्र निराळं. कर भरला म्हणून परवाना मिळत नाही, घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, आणि पंचायतीने घर क्रमांक दिला म्हणून पर्यटन खातं समाधानी होत नाही. प्रत्येक कार्यालय आपल्यापुरतं बघतं. त्यामुळे ‘सगळे परवाने एकदम काढू’ म्हणून जे बसतात त्यांचा एकही होत नाही. कशातून माणसाचा जीव जाऊ शकतो आणि कशात फक्त दंड होतो, असा क्रम लावा.

तसा क्रम लावला की स्कूटर पहिल्या येतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. भाड्याच्या दुचाकीला वाहतूक खात्याचा परवाना आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात. दंडाचं एक वेळ जाऊ दे. विम्याचा विचार करा. खासगी वापराची पॉलिसी भाड्याने दिलेल्या गाडीसाठी नसते. हरमलच्या वळणावर एखाद्या पाहुण्याने कोणाला उडवलं, तर नुकसानभरपाईचा दावा गाडीच्या नोंदलेल्या मालकावर येतो, आणि विमा कंपनी हात वर करायला मोकळी. चारपैकी एखादी स्कूटर मस्कतच्या भावाच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर दावा त्यांच्यावर. दीड लाखांसाठी घरावर हे ओझं घेऊ नका. आजपासून बंद करा. पाहुण्याला गावातल्या परवानाधारक भाडेवाल्याचा नंबर द्या. पुढे हाच धंदा करायचा असेल तर रीतसर परवाना काढून, व्यावसायिक नोंदणीच्या गाड्या घेऊन करा.

त्याच दिवशी बाटल्याही थांबवा. भाटातली बोंडं परवानाधारक भट्टीवाल्याला देणं ठीक; तो पावणीत, म्हणजे लिलावात, काजूचा पट्टा घेतो, अबकारी खात्याचा परवाना काढतो. आपल्या जेवणाच्या टेबलावर पाहुण्याला एक पेला हुर्राक देणं हा पाहुणचार झाला. बाटली भरून पैसे घेणं ही परवान्याशिवाय दारूविक्री, आणि १९६४ च्या अबकारी कायद्याला त्यातला घरगुतीपणा दिसत नाही. मला स्वतःला वाटतं, २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या काजूफेणीसाठी छोट्या बागायतदाराला सोपा विक्री परवाना असायला हवा. पण माझ्या वाटण्यावर तुम्ही बाटली विकू नका.

मग खोल्या. १९८२ चा गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा तारांकित हॉटेलांपुरता नाही. घरातली खोली पैसे घेऊन पर्यटकाला दिली की पर्यटन खात्याकडे नोंद लागते. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन माहिती द्यायची, जिला अजून सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. बाकी कुठे ढिलाई चालली तरी इथे चालत नाही, आणि अर्ध्या रात्री उतरणारे पाहुणे बघता घरातल्या दोघांना तरी तो भरता यायला हवा. म्हापशाच्या भाडेकरूचीही पोलीस पडताळणी करून घ्या, एका फेरीचं काम आहे. वीज घरगुती मीटरवर चालली असेल तर तेही विचारा. तुमचं घर दीड किलोमीटर आत आहे म्हणून सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या निर्बंधांचा, भाग सोडून देतो. पण हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची खोली भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या आत आहे, किंवा भरतीचं पाणी येणाऱ्या नदी-खाडीला लागून आहे, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बांधकामाच्या परवानगीचा कागद शोधावा. तो नसेल तर सीएआधी वकील.

पत्नीच्या लोणच्यांना आणि मसाल्यांना अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. उलाढाल छोटी असेल तर साधी नोंदणी पुरते, शुल्क किरकोळ असतं, अर्ज ऑनलाइन होतो. १४ आकडी क्रमांक मिळेल तो लेबलावर छापायचा. सगळ्या यादीतलं सोपं काम हेच, आणि ते तिच्याच नावावर करा. दुकान तिचं आहे असं दाखवणारा तो एक कागद होईल.

राहिला वडिलांच्या नावावरचा पंचायतीचा परवाना. सहा वर्षं तुम्ही दिवंगत माणसाच्या नावावर धंदा करताय, आणि पावती फाडणारा कारकूनही ओळखीचा असल्यामुळे कोणाला खटकलं नाही. परवाना बदलायला गेलात की जागा कोणाची हा प्रश्न येईल. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून वडीलच असतील. आपल्याकडच्या कायद्याने सामायिक मालमत्तेतला अर्धा वाटा तुमच्या आईचा आहे, तो वारसाहक्काने येत नाही, मुळातच तिचा आहे. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही, भाऊ आणि बहीण. सावंतवाडीला दिली म्हणून बहिणीचा वाटा गेला असं इथे होत नाही. म्हणजे ज्या तीन खोल्यांचे ९ लाख तुम्ही तुमचे म्हणता, त्या तीन खोल्या चौघांच्या आहेत. धंदा तुमचा असू शकतो, मेहनत तुमचीच आहे, पण जागा वापरायला बाकीच्यांची लेखी संमती हवी. सध्या साध्या ना-हरकत पत्रावर पंचायत आणि पर्यटन खात्याचं काम भागेल. कायमचा मार्ग म्हणजे इन्व्हेंटरी करून, म्हणजे कोर्टात मालमत्तेची यादी मांडून, वाटे ठरवणं. २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात त्याची पद्धत दिलेली आहे. ती वेळखाऊ आहे. म्हणून संमतीपत्रं आत्ता घ्या आणि इन्व्हेंटरीचं चवथीला भाऊ येईल तेव्हा घरात बोला. फोनवर नको. ‘परवान्यासाठी सही पाहिजे’ असा मस्कतला गेलेला निरोप तिथे ‘घर नावावर करून घेतोय’ असा ऐकू जातो, आणि मग कराचा प्रश्न सोपा वाटायला लागतो.

चौकश्या मागे लागतील का, असं तुम्ही विचारलंत. लागतील, थोड्या. पर्यटन खात्याचा माणूस खोल्या बघायला येईल, जीएसटीचा अधिकारी जागेची कागदपत्रं मागेल, पंचायत थकबाकी काढेल. पण ॲपवर तुमच्या खोल्यांचे फोटो, दर आणि नकाशावरचं ठिकाण दोन वर्षं उघडं आहे. लपलेले आहात असं तुम्हालाच वाटतंय.

एजंटाबद्दल एवढंच: ‘आलंच तर बघू’ म्हणणाऱ्याला विचारा की तो बघताना सही कोणाची असेल. तुमचा लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी त्याच्याकडे असेल तर आजच बदला. सीए शक्यतो गोव्यातलाच घ्या. निम्म्या-निम्म्या उत्पन्नाचं विवरणपत्र त्याने याआधी भरलंय का, हा पहिला प्रश्न विचारा. तो चाचरला तर दुसरा बघा. जाताना दोन वर्षांची बँकेची पत्रकं, ॲपची मासिक पत्रकं, पुरवठादारांची बिलं, विवाहाचा दाखला आणि एक-चौदाचा उतारा न्या. पत्नीलाही सोबत न्या. दुकानात महिन्याला काय येतं नि काय जातं, हे तिला विचारल्याशिवाय तक्ता पुरा होणार नाही.